प्रथमश्रवण आणि मूल्यनिर्णय : इंडी रॉक अल्बमच्या समीक्षेतील एक पेच

सारांश :
इंडी रॉक संगीताच्या समीक्षेत अल्बम पहिल्यांदा ऐकताना उमटलेला ठसा आणि त्या अल्बमविषयीचा अंतिम निर्णय यांची अनेकदा गल्लत झालेली दिसते. स्लिंट या वाद्यवृंदाचा 'स्पायडरलँड' (१९९१) आणि न्यूट्रल मिल्क हॉटेलचा 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी' (१९९८) या दोन अल्बमच्या आधारे प्रस्तुत लेखात या गल्लतीचे स्वरूप तपासले आहे. प्रथमश्रवणाला निवाड्याचा अधिकार देणे जसे चुकीचे, तसेच नंतर प्रस्थापित झालेल्या कीर्तीच्या आधारे त्याला खोटे ठरवणेही चुकीचे आहे, अशी भूमिका येथे मांडली आहे.

बीजसंज्ञा : प्रथमश्रवण, इंडी रॉक, अल्बम, मूल्यनिर्णय, सहृदय, पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना :
साहित्यकृतीच्या समीक्षकाला कृतीकडे परत जाण्याची मुभा असते. पान उलटून मागे जाता येते, एखाद्या ओळीवर थांबता येते. संगीताचे तसे नाही. संगीत काळात उलगडते, आणि ऐकणाऱ्याची गती त्याच्या स्वाधीन नसते. ध्वनिमुद्रणाच्या तंत्रामुळे कृती पुन्हा पुन्हा ऐकण्याची सोय झाली, हे खरे. परंतु पहिल्यांदा ऐकण्याचा अनुभव मात्र एकदाच येतो. तो पुसून पुन्हा घेता येत नाही. म्हणूनच संगीतसमीक्षेत प्रथमश्रवणाला एक वेगळे, काहीसे अवघड स्थान प्राप्त झाले आहे.

इंडी रॉकच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. 'इंडी' हे 'इंडिपेंडंट' या शब्दाचे लघुरूप होय. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या बाहेर, लहान संस्थांच्या आधाराने निघालेल्या रॉक संगीताला १९८० च्या दशकापासून ही संज्ञा लावली जाऊ लागली. शिकागोची 'टच अँड गो', नॉर्थ कॅरोलिनातील 'मर्ज', लंडनची 'क्रिएशन' या अशा संस्था होत. त्यांच्यापाशी जाहिरातीसाठी मोठा पैसा नसे, व्यावसायिक नभोवाणी केंद्रांवर त्यांना फारसे स्थान नसे. त्यामुळे महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रे, छोटी नियतकालिके व पुढे संगणकीय जालावरील प्रकाशने यांच्या अभिप्रायावर अशा अल्बमचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून राहिले. अभिप्राय लवकर हवा असे, आणि लवकर दिलेला अभिप्राय थोड्या श्रवणांवर उभा असे. एका घाईच्या वाक्यावर कलावंताची पुढची काही वर्षे अवलंबून असू शकत, हे या पेचाचे व्यावहारिक रूप होय.

प्रथमश्रवणाचे स्वरूप :
पहिल्यांदा ऐकताना श्रोता कोरा असतो, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीतक टिकत नाही. लेनर्ड मायर यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात संगीतातील भावनेचा उगम अपेक्षेत शोधला. शैलीच्या परिचयातून श्रोत्याच्या मनात पुढील स्वराविषयी अपेक्षा तयार होते. ती पूर्ण होणे, लांबणे किंवा मोडणे यांतून भावनिक परिणाम घडतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मान्य केले तर पहिले श्रवण हे कृतीचे पहिले श्रवण असते, शैलीचे नव्हे. राग परिचित असलेला रसिक नवी बंदिश ऐकतो तेव्हा तो निम्म्या वाटेवर आधीच पोहोचलेला असतो. इंडी रॉकच्या श्रोत्याचेही तसेच आहे. गिटारचा विकृत केलेला नाद, हेतुपूर्वक कच्चे ठेवलेले ध्वनिमुद्रण, गाण्यात मागे ढकललेला आवाज हे संकेत ज्याच्या कानाला सरावाचे आहेत, त्याला त्यांत दोष दिसत नाहीत. सराव नसलेल्याला मात्र तेच दोष वाटतात.

भारतीय काव्यशास्त्रातील 'सहृदय' ही संकल्पना येथे उपयुक्त ठरते. अभिनवगुप्तांच्या विवेचनात सहृदय हा जन्मजात संवेदनशील मनुष्य एवढ्यापुरता मर्यादित नाही. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे, असा तो रसिक आहे. म्हणजे आस्वादाची तत्काळता ही दीर्घ अभ्यासाचे फळ असते. क्षणात उमटणारी दाद क्षणात तयार झालेली नसते. प्रथमश्रवणातील ठशाला किंमत द्यायची ती या पूर्वतयारीमुळे, आणि त्याच्याविषयी सावध राहायचे तेही तिच्यामुळेच. कारण जुन्या शैलीवर घासून लख्ख झालेला आरसा नव्या शैलीचे प्रतिबिंब वेडेवाकडे दाखवू शकतो.

'स्पायडरलँड' : भाषा नसलेला ठसा :
केंटकी राज्यातील लुईव्हिल येथील स्लिंट या चौघा तरुणांच्या वाद्यवृंदाने १९९० च्या ऑगस्टमध्ये शिकागो येथे 'स्पायडरलँड' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. ब्रायन पॉलसन यांनी त्याचे ध्वनिमुद्रण केले. १९९१ च्या मार्चमध्ये तो 'टच अँड गो'ने प्रकाशित केला, तेव्हा वाद्यवृंद विसर्जित झालेला होता. सहा रचना, सुमारे चाळीस मिनिटे, आणि मैफली करून अल्बमचा प्रसार करायला कोणी नाही, अशी ही स्थिती होती.

या अल्बमचे प्रथमश्रवण अवघड का, हे त्याच्या रचनेतून स्पष्ट होते. रॉक गीतात ध्रुवपद हा श्रोत्याचा आधार असतो. येथे तो जवळजवळ नाही. शब्द बहुतांशी गायलेले नसून हलक्या आवाजात बोललेले आहेत, आणि ते वाद्यांच्या खाली ठेवल्यामुळे पहिल्या खेपेस नीट कळत नाहीत. 'नॉस्फेराटू मॅन' या रचनेत पाच मात्रांची चाल आहे. रॉकच्या सरावाच्या चार मात्रांवर पाय धरणाऱ्या श्रोत्याचा ताल चुकतो. 'डॉन, अमन' मध्ये ढोलवादन अजिबात नाही. 'फॉर डिनर...' मध्ये शब्दच नाहीत. साहजिकच पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती उरते ती एक अस्वस्थता. काहीतरी घडते आहे, पण ते काय, हे सांगता येत नाही.

अखेरच्या 'गुड मॉर्निंग, कॅप्टन' या रचनेत ही अस्वस्थता टोकाला जाते. बराच काळ दबलेला आवाज शेवटी आरोळीत फुटतो. पहिल्या श्रवणात ही आरोळी धक्का देते, कारण तोवरच्या अल्बमने श्रोत्याला दबलेल्या स्वराची सवय लावलेली असते. दुसऱ्या श्रवणात हा धक्का नाहीसा होतो. त्याची जागा भीती घेते. शेवटी काय होणार हे माहीत असल्यामुळे आधीची प्रत्येक शांत जागा भारलेली वाटू लागते. येथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. पहिले श्रवण अपूर्ण आणि दुसरे पूर्ण, असा हा संबंध नाही. धक्का आणि भीती हे दोन वेगळे रस-परिणाम आहेत व दोन्ही याच कृतीचे आहेत. दुसऱ्याच्या लाभासाठी पहिला गमवावा लागतो.

'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकात स्टीव्ह अल्बिनी यांनी या अल्बमचे परीक्षण लिहिले, कमाल श्रेणीचीही मर्यादा ओलांडणारी दहा तारकांची दाद दिली आणि पुढे या अल्बमची थोरवी मानली जाईल असे भाकीत केले. ते खरे ठरले. पुढच्या दशकांत 'स्पायडरलँड'चा प्रभाव अनेक वाद्यवृंदांवर पडला, आणि २०१४ साली त्याची विस्तृत पुनरावृत्ती प्रसिद्ध झाली. त्वरित अभिप्रायाच्या यशाचे उदाहरण म्हणून हे परीक्षण नेहमी सांगितले जाते. परंतु अल्बिनी हे तटस्थ, अनोळखी श्रोते नव्हते. स्लिंटचा आधीचा 'ट्वीझ' हा अल्बम त्यांनीच ध्वनिमुद्रित केला होता. या तरुणांच्या वादनाची घडण त्यांना ठाऊक होती. तेव्हा त्यांचे भाकीत प्रथमश्रवणाच्या चमत्काराची नव्हे, तर पूर्वतयारीची साक्ष देते. ज्याला स्लिंट माहीत नव्हते अशा समीक्षकापाशी १९९१ साली या संगीतासाठी शब्दही नव्हता. 'पोस्ट-रॉक' ही संज्ञा सायमन रेनल्ड्स यांनी १९९४ साली या अर्थाने रूढ केली. संज्ञा नसताना ठसा उमटतो, पण तो सांगता येत नाही. आणि जे सांगता येत नाही ते समीक्षेत बहुधा दोष म्हणून नोंदवले जाते.

'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी' : संकोच आणि भक्ती :
दुसरे उदाहरण याहून वेगळे आहे. जेफ मँगम यांच्या न्यूट्रल मिल्क हॉटेलचा हा अल्बम 'मर्ज'ने १९९८ च्या फेब्रुवारीत प्रकाशित केला. निर्मिती रॉबर्ट श्नायडर यांची, ध्वनिमुद्रण डेन्व्हर येथील. अ‍ॅन फ्रँकच्या दैनंदिनीच्या वाचनाने मँगम व्यथित झाले आणि त्या व्यथेचे पडसाद या गीतांत उमटले.

येथे प्रथमश्रवणातील अडथळा रचनेचा नाही. चाली सोप्या आहेत, स्वरसंगती साधी आहे. अडथळा आहे तो अतिरेकी उघडेपणाचा. मँगम यांचा आवाज शिकवलेला नाही. उंच स्वरांवर तो ताणला जातो, पण मागे हटत नाही. अकूस्टिक गिटारचा नाद जाणूनबुजून फाटेपर्यंत वाढवलेला आहे. मिरवणुकीच्या बँडची आठवण देणारी पितळी वाद्ये, करवतीवर धनुकली फिरवून काढलेले स्वर, आणि दुसऱ्याच गीताच्या आरंभी येशू ख्रिस्ताला उद्देशून केलेले प्रेमाचे थेट उच्चारण! १९९० च्या दशकातील इंडी रॉकची प्रचलित वृत्ती उपरोधाची व अलिप्ततेची होती. पेव्हमेंट हा वाद्यवृंद तिचे ठळक उदाहरण होय. त्या वृत्तीत मुरलेल्या श्रोत्याला या गायनाने प्रथम संकोच वाटणे स्वाभाविक होते. हे गंभीरपणे म्हटले आहे की थट्टेने, याचा उलगडा पहिल्या खेपेस होत नाही.

हा उलगडा अल्बम स्वतःच हळूहळू करतो. आठ मिनिटांहून दीर्घ 'ओ कम्ली' हे गीत केवळ गिटार आणि आवाज यांच्या आधारे बराच काळ चालते आणि त्याच्या अखेरीस स्टुडिओतील कोणाचा तरी विस्मयोद्गार तसाच राहू दिलेला ऐकू येतो. चौथ्या गीतातील दोन शिरांच्या मुलाचे संबोधन अखेरच्या, अकराव्या गीतात परत येते. म्हणजे सुमारे चाळीस मिनिटांच्या अवकाशात श्रोत्याला एक आठवण दिली जाते आणि तिची परतफेडही होते. शेवटी गिटार खाली ठेवून कोणी उठून गेल्याचा आवाज येतो. अल्बमने आपल्या पोटातच एक पुनःश्रवण सामावून घेतले आहे, असे म्हणता येईल. जो श्रोता शेवटपर्यंत थांबला, त्याचे प्रथमश्रवण याच कारणाने केवळ 'पहिले' राहत नाही.

१९९८ साली 'रोलिंग स्टोन'ने या अल्बमला तीन तारका दिल्या. 'पिचफोर्क' या प्रकाशनाने दहापैकी ८.७ गुण दिले. पुढे २००५ च्या पुनर्प्रकाशनाच्या वेळी त्याच प्रकाशनाने दहापैकी दहा गुण दिले. मधल्या काळात मँगम जवळजवळ अज्ञातवासात गेले होते, आणि अल्बमभोवती भक्तीचे वलय तयार झाले होते. १९९८ चा समीक्षक चुकला आणि २००५ चा बरोबर ठरला, असा सोपा निष्कर्ष येथे काढला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. २००५ साली या अल्बमकडे वळणारा श्रोता तो थोर आहे हे ऐकूनच त्याच्याकडे वळत होता. १९९८ च्या श्रोत्याला वाटलेला संकोच त्याला वाटण्याची शक्यता कमी होती. वास्तविक तो संकोच हा या कृतीच्या परिणामाचाच भाग आहे. उघडेपणाचे धाडस ज्याला जाणवले नाही, त्याला त्या धाडसाचे मोलही पुरते कळणार नाही. या अर्थाने जुन्या, काहीशा साशंक परीक्षणात असा पुरावा सुरक्षित आहे, जो नंतरच्या पूर्ण गुणांत हरवला.

पुनःश्रवण हे निर्दोष न्यायासन आहे काय?
प्रथमश्रवण अविश्वसनीय, म्हणून अनेकदा ऐकून निर्णय द्यावा, असा उपाय सुचवला जातो. 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये १९६९ पासून अल्बमना श्रेणी देणारे रॉबर्ट क्राइस्टगाउ यांनी वारंवार ऐकूनच श्रेणी ठरवण्याचा शिरस्ता पाळला. तो आदरास पात्र आहे. तथापि मानसशास्त्राने येथे एक अडचण दाखवून दिली आहे. रॉबर्ट झायॉन्क यांनी १९६८ साली असे मांडले, की एखादी गोष्ट केवळ पुन्हा पुन्हा समोर आल्यानेही तिच्याविषयीची आवड वाढते. त्यानंतर डॅनिएल बर्लाइन यांनी १९७० च्या दशकात ही आवड गुंतागुंतीशी जोडली : साधी गोष्ट परिचयाने लवकर कंटाळवाणी होते, तर गुंतागुंतीची गोष्ट परिचयाने सुखद होत जाते. म्हणजे दहाव्या श्रवणात आवडलेला अल्बम त्याच्या गुणामुळे आवडला की सवयीमुळे, हे दहावे श्रवण स्वतः सांगू शकत नाही. अडोर्नो यांनी १९४१ च्या लोकप्रिय संगीतावरील निबंधात ओळखीच्या सुखालाच आस्वाद समजण्याच्या प्रवृत्तीवर टीका केली होती. त्यांचा रोख बाजारू गीतांवर होता. परंतु ही टीका बाजाराबाहेरचे म्हणवणाऱ्या इंडी रॉकच्या निष्ठावंत श्रोत्यालाही लागू पडते.

कीर्तीचा दाब ही दुसरी अडचण होय. २०२१ साली 'पिचफोर्क'ने आपल्या काही जुन्या गुणांकनांचा फेरविचार प्रसिद्ध केला. लिझ फेअर यांच्या २००३ मधील अल्बमला मूळ परीक्षणात शून्य गुण होते. ते सहा करण्यात आले. इंटरपोलच्या २००२ मधील पहिल्या अल्बमचे ९.५ गुण सातवर आणले गेले. या फेरविचारात प्रांजळपणा आहे, यात शंका नाही. पण बदललेला आकडा काय सांगतो? कृती बदललेली नाही. बदलला तो भोवतालचा अभिरुचीचा समाज. नवा आकडा हा जुन्या आकड्याइतकाच आपल्या काळाचा असतो.

घाईचे मोल :
हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक नाही. २००४ साली माँट्रियलच्या आर्केड फायर या वाद्यवृंदाच्या 'फ्युनरल'ला 'पिचफोर्क'ने ९.७ गुण दिले आणि 'मर्ज'ने काढलेली पहिली आवृत्ती अल्पावधीत संपली. त्याच वर्षी ट्रॅव्हिस मॉरिसन यांच्या 'ट्रॅव्हिस्टन'ला त्याच प्रकाशनाने शून्य गुण दिले. त्यानंतर तो अल्बम ठेवण्याबाबत विक्रेत्यांनी व वाजवण्याबाबत महाविद्यालयीन केंद्रांनी हात आखडता घेतल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. मोठ्या कंपनीचा कलावंत असा आघात जाहिरातीच्या बळावर पचवू शकतो. छोट्या संस्थेच्या कलावंताला ते शक्य नसते. शून्य हा आकडा वाचकाला ऐकण्यापासूनच परावृत्त करतो, म्हणजे प्रथमश्रवणाची संधीच नाकारतो. निर्णयाच्या या प्रकारात समीक्षेचे मूळ कार्यच उलटे होते.

आज परिस्थिती आणखी बदलली आहे. 'पिचफोर्क' २०२४ साली 'जीक्यू' या नियतकालिकाच्या छत्राखाली नेण्यात आले, आणि एका आकड्याची पूर्वीची सत्ता ओसरली. मात्र प्रथमश्रवणाची घाई समीक्षकाकडून श्रोत्याकडे सरकली. तबकडी विकत घेणारा श्रोता खर्च केलेल्या पैशापायी नावडता अल्बमही पुन्हा ऐकत असे. 'स्पायडरलँड'सारख्या कृतींना ही सक्तीची सबुरी लाभली. प्रवाही श्रवणाच्या सेवांत सोडून देणे फुकट झाले आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंदांनंतर एक श्रवण मोजले जाते. 'गुड मॉर्निंग, कॅप्टन'मधील आरोळी मात्र सुमारे सात मिनिटांनंतर येते. तीस सेकंदांत मन जिंकण्याची सक्ती रचनेवर आली, तर अशी आरोळी लिहिलीच जाणार नाही, ही भीती निराधार नाही.

निष्कर्ष :
१. प्रथमश्रवण हे कोऱ्या मनाचे श्रवण नसते; शैलीच्या पूर्वपरिचयावर ते उभे असते. म्हणून पहिल्या ठशासोबत ऐकणाऱ्याची तयारी कोणती होती, हेही समीक्षेत नोंदवले गेले पाहिजे.
२. पहिला ठसा ही साक्ष आहे, निवाडा नव्हे. साक्षीदाराला प्रामाणिक असावे लागते. सर्वज्ञ असण्याची त्याच्याकडून अपेक्षा नसते. गुणांकनाची पद्धत साक्षीला निवाड्याचे रूप देते, हा तिचा मुख्य दोष होय.
३. पुनःश्रवणाने रचना उलगडते, पण आश्चर्य, संकोच व धक्का यांची स्मृती पुसट होते. सवय आणि कीर्ती यांच्या दाबामुळे पुनर्मूल्यांकनही तटस्थ राहत नाही. त्यामुळे नंतरच्या निर्णयाने आधीचा ठसा रद्द होत नाही. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी वाचाव्या लागतात.
४. छोट्या संस्थांवर उभ्या असलेल्या संगीताच्या बाबतीत समीक्षकाची पहिली जबाबदारी निर्णय देण्याची नसून श्रोत्याला कृतीपर्यंत, आणि शक्य तर तिच्या शेवटापर्यंत, नेण्याची आहे. 'स्पायडरलँड' आणि 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी' या दोन्ही कृतींचा अर्थ त्यांच्या शेवटच्या रचनेत पूर्ण होतो. तेथवर न पोहोचलेल्या श्रवणाला 'पहिले' म्हणणेही अवघड आहे.